घरी ढोरं आहेत का?

2022 साली पोळा सरला आणि लम्पी आमच्या दारात आली. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, चिनावलला तिची सुरुवात झाली होती. तिथून बुलडाणा, अकोला, अमरावती करत ती वर्धा जिल्ह्यात पोचायला वेळ लागला नाही. बैलबाजार बंद झाले, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद झाल्या. अंगभर गाठी, पायाला सूज, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि मान खाली घालून उभी असलेली गाय ज्यानं पाहिली, तो ती विसरणार नाही. मी पशुवैद्यक आहे, आर्वी-कारंजाच्या पट्ट्यात काम करते. त्या दिवसांत लसीपेक्षाही जास्त वेळा एकच प्रश्न कानावर यायचा, "मॅडम, दूध प्यायचं का नाही?" काहींनी तर विचारायचीही वाट पाहिली नाही, चरवीभर दूध सरळ नालीत ओतलं. ज्या घरात दुधाच्या पैशावर किराणा येतो, त्या घरात.

लम्पी माणसाला होत नाही. हे मी ओट्यावर, पारावर, ग्रामपंचायतीत, दूध संकलन केंद्रावर, जिथे चार माणसं दिसतील तिथे सांगत होते. हा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या कुळातला. डास, माशा आणि गोचीड त्याला एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. म्हणूनच शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना दिली आणि तिनं काम केलं. शासनानं मेलेल्या गायीमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार, वासरामागे 16 हजार रुपये दिले. गावानं निंबाचा धूर केला, कोठे झाडले, एकमेकांची जनावरं वेगळी बांधली. भीतीनं का होईना, सगळा गाव एका दिशेनं हलला.

याच गावांत, याच गोठ्यांत दुसरा एक रोग आहे. तो माणसाला होतो, आणि त्याला कोणी भीत नाही. गाय धडधाकट दिसते. चारा खाते, रवंथ करते, दूध देते. फक्त सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. जार, म्हणजे वार, अडकतो. पुढच्या वेताला ती बहुतेकदा व्यवस्थित विते, आणि मालक म्हणतो, चला, दोष गेला. दोष गेलेला नसतो. वासराबरोबर, जाराबरोबर, दुधातून ती जंतू टाकतच राहते, कित्येकदा आयुष्यभर. या रोगाला पुस्तकात सांसर्गिक गर्भपात म्हणतात, डॉक्टर ब्रुसेलोसिस म्हणतात. गावात त्याला नावच नाही. गाय गाभडली, एवढंच. उन्हामुळे, धक्क्यामुळे, नजर लागल्यामुळे, ज्वारीचं धांडं जास्त खाल्ल्यामुळे. कारणं पुष्कळ असतात आणि प्रत्येक घरी वेगळी.

गाय गाभडते ती बहुधा रात्री नाहीतर पहाटे. त्या वेळी तिच्याजवळ कोण असतं? घरची बाई. माणूस शेतात जागलीला गेलेला असतो किंवा झोपलेला असतो. बाई कंदील नाहीतर मोबाइलचा उजेड धरून कोठ्यात जाते, मेलेलं वासरू बाजूला ओढते, लोंबणारा जार हातानं मोकळा करते, ओलं गवत गोळा करते आणि सगळं उकिरड्यावर टाकते. हाताला निंदणाच्या दिवसांत पडलेल्या चिरा असतात. हातमोजे हा शब्दही त्या कोठ्यात कोणी उच्चारलेला नसतो. गाभडलेल्या गायीच्या जारात आणि त्या पाण्यात ब्रुसेलाचे जंतू जितके असतात तितके दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. सावलीत, ओलीत ते आठवडेच्या आठवडे टिकतात. सकाळी कुत्री उकिरड्यावरचा गोळा ओढत शेजाऱ्याच्या वावरात नेतात.

दुधाचा मुद्दा लोकांना पटकन कळतो, म्हणून सगळे इशारे दुधावरच असतात. पण आपल्याकडे दूध उकळतं. चहात उकळतं, दही लावण्याआधी उकळतं, चिकाचा खरवसही वाफवून होतो. धार काढता काढता लेकराच्या तोंडात पिळलेलं दूध सोडलं, तर कच्चं दूध पिणारे आता थोडेच उरले आहेत. म्हणून माझं मत असं झालं आहे की आपल्या भागात खरा धोका पेल्यात कमी आणि कोठ्यात जास्त आहे, आणि कोठा बाईच्या वाट्याला आहे. शेळ्यांचं तर विचारूच नका. शेळ्यांमधली ब्रुसेलाची जात माणसाला गायीच्या जातीपेक्षा जास्त छळते, आणि शेळ्या कोणाकडे असतात? ज्यांना शेत नाही, त्यांच्याकडे. पावसाळ्यात शेळी घरातच, चुलीपासून चार हातांवर विते. तिथेच लेकरं झोपलेली असतात.

एका काकूंची गोष्ट सांगते. नाव आणि गाव सांगत नाही. त्यांच्याकडे एक संकरित गाय आणि दोन गवळाऊ बैल. गाय दुसऱ्यांदा गाभडली म्हणून मला बोलावलं होतं. मी गायीचं रक्त घेत होते आणि काकू दोर धरून उभ्या होत्या. दिवस थंडीचे, पण त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्या एका पायावर भार देऊन उभ्या होत्या.

"काकू, तुमाले बरं नाही काय?"

"मले काहून इचारता मॅडम, गायीले पाहा न."

मग हळूहळू निघालं. संध्याकाळ झाली की अंग कसकसतं. रात्री ताप, पहाटे इतका घाम की चोळी पिळून काढावी. कंबर आणि गुडघे धरलेले. आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. गाय पहिल्यांदा गाभडली त्याच्या पुढच्या महिन्यापासून हे सुरू होतं. त्या एका खाजगी दवाखान्यात गेल्या. विडाल तपासली, टायफॉईड निघाला म्हणून सलाईन लावली. दोन दिवस हुशारी वाटली. नंतर दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा टायफॉईड, पुन्हा सलाईन. तिसऱ्या ठिकाणी संधिवात ठरला. एका डॉक्टरांना टीबीची शंका आली, त्यांनी छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ होता. एवढ्या फेऱ्यांत वर्षाचा कापूस गेला. आणि या सगळ्यात एकाही टेबलावर त्यांना कोणी विचारलं नाही की घरी ढोरं आहेत का, त्यातलं कोणतं गाभडलं का.

मला त्या डॉक्टरांचा राग आला, आजही येतो. पण मला हेही दिसतं की त्यांना हा प्रश्न शिकवलेला नसतो, जसा मला माणसाचा ताप विचारायला शिकवलेला नव्हता. आमच्या रजिस्टरात गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर असतो, पण तिची धार काढणाऱ्या बाईचं नाव नसतं. बाईच्या केसपेपरवर वय, वजन, बीपी असतं, पण गाय नसते. दोन खाती, दोन इमारती, दोन फायली. जंतू मात्र एकच आणि तो दोन्हींकडे ये-जा करतो.

ब्रुसेलाची पहिली चाचणी इतकी साधी आहे की ती पाहून कोणालाही नवल वाटावं. रक्त गोठू द्यायचं, वर आलेलं पाणी, म्हणजे सीरम, घ्यायचं. काचेच्या पट्टीवर त्याचा एक थेंब आणि शेजारी गुलाबी रंगाच्या द्रवाचा तेवढाच थेंब. त्या गुलाबी द्रवात मेलेले, रंगवलेले ब्रुसेला असतात. काडीनं दोन्ही थेंब एक करायचे आणि पट्टी हातात धरून चार मिनिटं हलकेच डोलवत राहायचं. रक्तात या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं नसतील तर थेंब सरळ, एकसारखा गुलाबी राहतो. असतील तर त्यात बारीक कण धरू लागतात, आधी कडेला, मग सगळीकडे, आणि मधलं पाणी निवळत जातं. काकूंच्या गायीच्या थेंबात चार मिनिटं व्हायच्या आतच कण धरले. काकूंना मी चिठ्ठी लिहून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवलं. चिठ्ठीत एकच ओळ ठळक लिहिली: घरची गाय ब्रुसेला पॉझिटिव्ह आहे, हिनं जार हातानं काढला आहे. त्यांचीही चाचणी पॉझिटिव्ह आली, पुढच्या तपासणीत पक्की झाली.

उपचार आहे, आणि तो महागडा नाही. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, सहा आठवडे, एकही दिवस न चुकता. पण गोळ्या सुरू झाल्यावर काकूंचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"मॅडम, लघवी लाल-पिवळी होऊन रायली. जाऊबाई म्हणते का ह्या तं टीबीच्या गोया हायेत. मले टीबी झाला का जी?"

रिफॅम्पिसिन टीबीतही देतात आणि त्यानं लघवीला तो रंग येतोच. जाऊबाईंनी कप वेगळा ठेवायला सुरुवात केली होती. मी गावी गेले, जाऊबाईंना समोर बसवलं आणि दोघींना एकत्र सांगितलं. बरं वाटलं की गोळ्या सोडायच्या नाहीत, हे काकूंच्या नवऱ्यालाही सांगितलं, कारण अर्धवट सोडल्या तर हा ताप परततो. एका रोगाचं नाव कळायला वर्ष लागलं आणि कळल्यावर त्यावर दुसऱ्या रोगाची बदनामी येऊन बसली. संशोधनाच्या निबंधांत ही गोष्ट कुठे बसत नाही, पण औषध पुरं होणार की नाही हे तिच्यावरच ठरतं.

या जंतूचा शोध कसा लागला तो इतिहास मला कॉलेजात असल्यापासून प्रिय आहे. 1887 साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं तापानं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा केला. जंतू सापडला, पण तो येतो कुठून हे पुढची अठरा वर्षं कळलं नाही. हवा, पाणी, घाण, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरनं प्रयोगासाठी शेळ्या आणल्या. त्यांना जंतू टोचण्याआधी रक्त तपासलं तर त्यांच्यात आधीच खुणा होत्या. शेळ्या निरोगी, टुणटुणीत, दारोदार फिरून दूध देणाऱ्या. पुढच्या वर्षी लष्करानं शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि छावण्यांतला ताप झपाट्यानं उतरला.

तिकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग या पशुवैद्यकानं 1897 साली गायी गाभडवणारा जंतू शोधला होता. वीस वर्षं या दोन गोष्टी दोन कपाटांत राहिल्या. माणसांचा ताप डॉक्टरांच्या, गायींचा गर्भपात आमच्या. अमेरिकेत अ‍ॅलिस इव्हान्स या बाईनं दोन्ही जंतू शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि 1918 मध्ये लिहिलं की हे अगदी जवळचे सख्खे आहेत, गायीचं कच्चं दूध माणसाला धोक्याचं आहे. तिच्याकडे डॉक्टरेट नव्हती, ती बाई होती, आणि थिओबाल्ड स्मिथसारख्या दबदब्याच्या शास्त्रज्ञानं तिच्यावर विश्वास ठेवला नाही. 1922 साली प्रयोगशाळेत तिला स्वतःलाच हा रोग झाला. पुढे अनेक वर्षं तो उलटत राहिला आणि मधल्या काळात तिच्या दुखण्याला मनाचे खेळ म्हटलं गेलं. आमच्या काकूंनाही एका दवाखान्यात "टेन्शन घेऊ नका" असंच सांगितलं होतं. इव्हान्सबद्दल वाचताना दर वेळी मला कोठ्यातल्या बाया आठवतात.

मग हा रोग इथे अजून का आहे? लस आहे. एस-19 ही लस सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या जंतूपासून आलेली. 1923 साली बक नावाच्या शास्त्रज्ञानं एका जर्सी गायीच्या दुधातून तो वेगळा केला होता. प्रयोगशाळेत तो बराच काळ तसाच पडून राहिला आणि त्याची धार बोथट झाली. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्रानं लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी 13,343 कोटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि वगारींना ही लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. गोऱ्ह्याला द्यायची नाही, गाभण गायीला द्यायची नाही. ऐकायला सोपं. पण आम्ही गावात पोचतो तेव्हा कालवड रानात चरायला गेलेली असते, ढोरकी तिला संध्याकाळी आणणार असतो. कुठे "लस दिली का कालवड फळत नाही" अशी आवई असते. आणि लस जिवंत असते. कालवडीनं झटका दिला आणि सुई आपल्याच बोटात गेली, तर हाच ताप आपल्याला येतो. माझ्या एका वरिष्ठांनी तो काढला आहे, तरीही ते सुई हातात घेऊन उन्हात उभे राहतात. या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे.

दुसरी अडचण बाजाराची. काही देशांनी पॉझिटिव्ह जनावरं कापून कळप स्वच्छ केले. आपल्याकडे गाय कापता येत नाही आणि कोणाला तसं सुचवावंसंही वाटत नाही. मग पॉझिटिव्ह गायीचं करायचं काय? लम्पीनं मेलेल्या गायीला भरपाई मिळाली. गाभडलेल्या गायीला कोण देणार? शेतकरी ती बाजारात नेतो. कर्ज डोक्यावर असताना त्यानं दुसरं काय करावं, हे मला त्याच्या डोळ्यांत पाहून विचारता येत नाही. गाय दुसऱ्या गावी जाते, तिथे गाभण राहते, तिथली बाई पहाटे कोठ्यात जाते. चाचणीच्या जोडीला गाय ठेवून घेण्याची, वेगळी बांधण्याची, तिच्या तुटीची सोय नसेल तर नुसत्या चाचणीनं रोग बाजाराच्या वाटेवर आणखी लवकर पडतो. हे मला संशोधकांना सांगावंसं वाटतं, धोरण लिहिणाऱ्यांना त्याहून जास्त.

जनावरांकडून, किड्या-माश्यांकडून माणसात येणाऱ्या रोगांत विदर्भाला नवखं म्हणता येणार नाही. 1965 साली नागपुरात तापाची साथ होती, तेव्हा दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक अनोळखी विषाणू सापडला. वस्तीच्या नावावरून त्याला चांदीपुरा म्हणतात. वाळूमाशी तो पसरवते, आणि ही माशी राहते मातीच्या भिंतींच्या भेगांत, कोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत. बरीच वर्षं त्याची कोणी फार दखल घेतली नाही. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात त्यानं 329 आजारी लेकरांपैकी 183 नेली, बरीचशी एक-दोन दिवसांत. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफस वाढला. गवतातल्या चिमुकल्या किड्याचा तो ताप. अंगावर बिडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग दिसला तर ओळखावा, नाहीतर पुन्हा टायफॉईडच्या खात्यात जमा. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरजवळ गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, आणि नमुन्यांत बर्ड फ्लूचा एच5एन1 निघाला. वाघ चंद्रपूरकडून आणलेले होते. कोंबडी, वाघ, माणूस, गाय, माशी, सगळी एकाच शिवारात राहतात.

11 डिसेंबर 2022 रोजी नागपुरात पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, 110 कोटींहून जास्त खर्चाची. माणसं, जनावरं आणि भोवताल यांचे रोग एकाच छताखाली पाहणारी ही संस्था माझ्या भागात येते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. तिनं अत्याधुनिक यंत्रं जरूर आणावीत. पण माझं मागणं यंत्रांच्या आधीचं आहे. ज्या सकाळी गायीचं रक्त घेतलं, त्याच सकाळी त्या घरच्या बाईचंही घेतलं जावं. आणि निकाल त्या घरी परत यावा. आमच्या गावांनी आजवर पुष्कळ रक्त दिलं आहे. गाडी येते, नळ्या भरतात, सही घेतात, गाडी जाते. नंतर कोणी सांगायला येत नाही की निघालं काय. पुढच्या वेळी लोक दार लावून घेतात आणि मग अहवालात लिहिलं जातं की ग्रामीण भागात जागृती कमी आहे. जागृती कमी नाही, निकाल परत येत नाही.

काकूंचे सहा आठवडे पुरे झाले. कंबर अजून कुरकुरते, पण संध्याकाळचा ताप गेला. गाय त्यांनी विकली नाही, वेगळी बांधली आहे. यंदा पावसाळा संपता संपता त्यांचा पहाटे फोन आला. शेजारणीची म्हैस गाभडली होती. जार लोंबत होता, शेजारीण हात घालणारच होती, काकूंनी तिला थांबवलं. "म्या तिले म्हनलं, हातात पन्नी घाल बाई, नाहीतर माह्यासारखी निजशील." त्यांनी नवऱ्याला उठवून वावराच्या कडेला कमरेएवढा खड्डा खणायला लावला आणि घरात रंगासाठी आणलेला चुना त्यात ओतायला ठेवला होता.

मी निघताना उपकेंद्राच्या सिस्टरांना फोन केला आणि वाटेत त्यांना गाडीवर घेतलं. मी म्हशीचं रक्त घेतलं, सिस्टरांनी शेजारणीचं आणि तिच्या सासूचं. म्हैस पॉझिटिव्ह निघाली. दोघींच्या रक्तात काही निघालं नाही, पण लागण होऊन प्रतिपिंडं दिसायला वेळ जातो, म्हणून महिन्याभरानं दोघींचं पुन्हा घ्यायचं ठरलं आहे. सिस्टरांनी तारीख त्यांच्या रजिस्टरात लिहिली आणि शेजारी म्हशीच्या बिल्ल्याचा नंबरही लिहून घेतला.